गुरुवारी दुपारी तीन वाजता

मित्रांनो, मी बिनतारी बोलण्याचा एक जुना संच आहे. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या रखरखीत भागात, गुरांच्या एका कुरणावर माझं आयुष्य गेलं. शेजारचं घर नव्वद किलोमीटरवर. टेलिफोन तिथे पोचला नव्हता. मला स्वयंपाकघरातल्या फडताळावर बसवलं, बाहेर उंच खांबावर एरियलची तार ताणली आणि मी बोलू लागलो. सकाळी डॉक्टर, मग मुलांची शाळा, दुपारी गप्पा. एकाचं बोलणं सगळा मुलूख ऐके.

घरात ग्लेनिस, तिचा नवरा डग आणि त्यांची सात वर्षांची लेक मेरिन. मेरिन बोलत नसे. माझी खरखर ती तासन्‌तास ऐके, पण शाळेचे आवाज सुरू झाले की कानांवर हात दाबून किंचाळे. शहरातल्या डॉक्टरांनी ऑटिझम हे नाव सांगितलं आणि अशाच पालकांचा गट शोधा म्हणाले. सर्वांत जवळचा गट अकराशे किलोमीटरवर होता.

एका दुपारी ग्लेनिसनं माझं बटण दाबलं आणि विचारलं, असं मूल आणखी कुणाच्या घरी आहे का?

"दोन रट्टे द्या, सुतासारखी सरळ येईल," माझ्यातून कुणी एक पुरुष म्हणाला.

तिनं मला बंद केलं. तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी पुन्हा सुरू केलं, तर एक जाडसर आवाज आला.

"परवाच्या बाई, ऐकताय का? मी रूथ. माझा लिऑन एकोणीस वर्षांचा आहे. त्या माणसाचं मनावर घेऊ नका, त्याचं त्याची कुत्रीसुद्धा ऐकत नाहीत."

ग्लेनिस हसली. त्या घरात तिचं हसू मी प्रथमच ऐकलं.

पुढे अशाच मुलांच्या आणखी दोन आया बोलू लागल्या. दर गुरुवारी तीनला त्या चौघी जमत. केस कसे कापायचे, पाण्याकडे धावणाऱ्या लेकराला कसं आवरायचं, नवरा घुम्यासारखा बसला तर काय करायचं, सगळं माझ्यातून जाई.

मग एका वादळात एरियलची तार तुटली. ग्लेनिसनं डगला सांगितलं.

"गुरं हाकून आणली की चढतो," तो म्हणाला.

डग वाईट नव्हता. वर्ष कोरडं होतं, गुरं मरत होती. पण तीन गुरुवार गेले. तीनच्या ठोक्याला ग्लेनिस बटण दाबून बसे. माझ्यातून काही जात नव्हतं, काही येत नव्हतं.

अखेर डग चढला. तार जोडायला अर्धा तास लागला.

त्या गुरुवारी रूथचा आवाज ओळखू येईना. लिऑननं झटापटीत तिचं मनगट मोडलं होतं. नवरा वारलेला. दोन दिवस कुणी सोबतीला यावं, एवढंच तिला हवं होतं. इतर दोघींना घर सोडता आलं नाही. शेवटी लिऑनला शहरातल्या संस्थेत नेलं.

"माझी बाही सोडेना तो. तिघांनी बोटं सोडवली," ती म्हणाली. "तिन्ही गुरुवारी तुला हाक मारली, ग्लेनिस. दोष देत नाही. ओव्हर."

ग्लेनिसनं बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

रूथ पुन्हा आली नाही. ग्लेनिस मात्र दर गुरुवारी आधी तिचंच नाव पुकारी, थांबे, मग बाकीच्या दोघींशी बोले. टेलिफोन येईपर्यंत, सहा वर्षं.

आता मी पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात आहे. मित्रांनो, मला दुरुस्त करू नका, माझे दिवस सरले. पण तुमच्या ओळखीत असं एखादं एकटं घर असेल, तर आजच विचारपूस करा. गुरं आणल्यावर नको.