न्या तोमासाचे तास

डोक्याला ताप नुसता! बावीस वर्षं आमच्या याताइती गावातल्या अकरा बायका पांढऱ्या सुती कापडावर भरतकाम करतायत, पण बाई, एका सदऱ्याला किती तास लागले, असं एकीलाही कुणी विचारलं नव्हतं. सदरे झाले की मी खोक्यात भरायची आणि राजधानीच्या, असुन्सिओनच्या बसवर चढवायची. आता तिथून माल परदेशी धाडणाऱ्या ग्रिसेल्दाबाईंना तास हवेत. गिऱ्हाइकानं मागितलेत म्हणे.

"निमिया, प्रत्येकीचे तास फोनवर नोंदले गेले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "ॲप तूच निवड, तुझ्या बायकांना जमेल असं. महिनाअखेर जिची नोंद नसेल, तिचं नाव पुढच्या ऑर्डरीत नसेल."

जमेल असं! बोलायला काय जातंय? आमच्यातल्या अर्ध्या जणी फोनवर लिहीतसुद्धा नाहीत, नुसता आवाज पाठवतात. आणि न्या तोमासा? वडीलधाऱ्या बाईला आम्ही मानानं 'न्या' म्हणतो. अडुसष्ट वर्षांची, गावातला सगळ्यात चांगला हात. तिच्यासाठी फोन म्हणजे ब्वेनोस आइरेसला गेलेल्या मुलीचं तोंड बघायची वस्तू. नवरा गेल्यावर ती मला एकदा म्हणाली होती, "सुई आहे म्हणून सकाळी उठते गं मी." तिचं नाव यादीतून जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पहिल्या ॲपला ईमेल हवा होता. "माझा नाहीये, शेजारणीचा देऊ का?" आमच्यातल्या सेल्वानं विचारलं. कपाळ माझं! दुसरं ॲप रोज सकाळी चेहरा बघून ओळख पटवायचं. न्या तोमासाला काही ते ओळखेना. चष्मा काढला, घातला, अंगणात उन्हात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं फोनलाच झापलं, "मेल्या, अख्ख्या गावात मला न ओळखणारा तू एकटाच!"

तिसऱ्यात एकच मोठं हिरवं बटण होतं. दाबलं की घड्याळ सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सगळ्यांना माझ्या अंगणात बसवलं, तेरेरेचा, आमच्या थंडगार पाल्याच्या चहाचा, पेला हातोहात फिरत होता, आणि अकराही जणींनी बटण दाबून दाखवलं. मला काय आनंद झाला! हेच घ्यायचं, मी ठरवून टाकलं.

शुक्रवारी नोंदी उघडल्या. सेल्वाचे एकोणचाळीस तास. न्या तोमासाचे तीन. अख्ख्या आठवड्याचे तीन!

तडक तिच्या घरी गेले. "अहो, बटण दाबत नाही का तुम्ही?"

"रोज सकाळी सहाला दाबते. तुझ्यासमोर दाबू?"

तिनं दाबलं. फोन खिडकीत ठेवला. मग साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, कापड मांडीवर घेतलं आणि टाके घालायला लागली. मीही बसून राहिले. अर्ध्या तासानं फोन किणकिणला. पडद्यावर प्रश्न होता: तुम्ही अजून काम करत आहात का?

"न्या तोमासा, दाबा ना!"

"काय दाबा? पांढरं कापड मांडीवर असताना मी केसालासुद्धा हात लावत नाही. तेरेरे पीत नाही. त्या तेलकट काचेला बोट लावू? अजून वीस सदरे झाले तरी मला ते जमायचं नाही."

पाच मिनिटं फोननं वाट बघितली आणि बाई उठून गेली असं समजून घड्याळ बंद केलं. ती मात्र मान खाली घालून भरतच होती. तिकडे सेल्वा गप्पा मारता मारता, पेला हातात असताना खुशाल बोट लावते आणि तिचं घड्याळ चालू राहतं.

ॲपवाल्यांना कळवलं. उत्तर आलं, ही सोय बंद करता येत नाही. ग्रिसेल्दाबाईंना विचारलं, ॲप बदलू का? "आता मध्येच काही बदलू नकोस!" माझा नुसता संताप संताप झाला. बटण किती सोपं आहे ते मी बघितलं होतं. बायका काम कसं करतात ते बघायला मात्र एक दिवसही बसले नव्हते.

शेवटी न्या तोमासानंच युक्ती काढली. कोपर लावून बघितलं, फोन ढिम्म. मग वाकून नाक टेकवलं. चाललं! आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्या दिवसापासून खिडकीतला फोन डब्याला टेकून उभा राहिला आणि दर अर्ध्या तासाला अडुसष्ट वर्षांची बाई त्याला नाक लावायला लागली. एकदाही चुकली नाही.

महिनाअखेरीस ग्रिसेल्दाबाईंचा फोन आला. "शाब्बास निमिया, सगळ्यांच्या नोंदी आल्या. पण ही तोमासा, एका सदऱ्याला ब्याण्णव तास? सेल्वाला चाळीस लागतात. गिऱ्हाइकानं सगळ्यात जास्त तास लागणारीचं, म्हणजे तिचं नाव काढलंय यादीतून."

"अहो, तिचा सदरा उलटून बघितलात का कधी? आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, सांगता येत नाही! सेल्वाच्या आत नुसत्या गाठी असतात!"

"असेल गं. पण नोंदीत त्याला रकानाच नाहीये."

मी ओरडले, भांडले, नको नको ते बोलले. फोन कधी ठेवला गेला ते मलाच कळलं नाही.

न्या तोमासाकडे गेले तेव्हा ती खिडकीशी वाकून नाक टेकवत होती. सरळ झाली, हात कापडावरून न उचलता माझ्याकडे बघून हसली.

"पोरी, या वेळी आले ना गं माझे तास?"

"आले," मी म्हटलं. "सगळे आले."