साखळी सोडली कोणी?

मी एक जुनी साखळी आहे. मला बेचाळीस कड्या आहेत. एका टोकाला पितळी आकडा आहे आणि दुसऱ्या टोकाला चामड्याची मूठ. सध्या मी एका दारामागे खिळ्याला टांगलेली असते. वारा आला की दारावर आपटते आणि घरातली म्हातारी आई ओरडते, "काढा गं ती साखळी तिथून." अजून कोणी काढलेली नाही.

मित्रांनो, माझा जन्मच मार खाऊन झाला. लोहाराने सळई तापवली, तोडली, वाकवली आणि माझा एकेक सांधा हातोड्याने ठोकून बंद केला. मला वाटले, एवढे सोसले, आता आपल्याला कोणी मारणार नाही. ते खरे ठरले. मला पुन्हा कोणी मारले नाही. मला हातात घेऊन दुसऱ्याला मारले.

मला विकत घेतले एका गोदामाच्या राखणदाराने. त्याच्याकडे आठ महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू होते. पिल्लू म्हणायचे एवढेच, वासराएवढे धूड होते ते. मार खाल्ल्याशिवाय कुत्रे तिखट होत नाही, अशी राखणदाराची ठाम समजूत होती. रोज दुपारी खायला घालण्याआधी तो आकडा त्याच्या गळपट्ट्यात तसाच ठेवून माझे उरलेले टोक दुहेरी करून हातात धरी आणि त्याच्या पाठीवर ओढी. कातडे फुटे. माझ्या कड्यांत केस अडकत, रक्त वाळून बसे. कुत्रे केकाटत जमिनीला चिकटे आणि मग त्याच्यापुढे थाळी सरकवली जाई. मी लोखंडाची असले तरी त्या थाळीकडे मला बघवत नसे.

गोदामाच्या भिंतीला लागून शाळा होती. तिथे गणित शिकवणाऱ्या बाई बारीक चणीच्या होत्या, पण त्यांच्या तासाला वर्गात टाचणी पडलेली ऐकू येई. कुत्रे केकाटले की त्यांच्या हातातला खडू मोडे. असे बरेच खडू मोडल्यावर एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या गोदामाच्या फाटकातून थेट आत आल्या.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तुमची पोरं बघा, बाई," राखणदार म्हणाला आणि त्याने मला पुन्हा उगारले.

बाईंनी हात आडवा घातला. मी त्यांच्या मनगटाभोवती दोन वेढे घेऊन आवळले आणि आत काहीतरी कडकन मोडले. तो आवाज मी विसरलेले नाही. बाई ओरडल्या नाहीत. दुसऱ्या हाताने त्यांनी मला असा हिसका दिला की राखणदार तोंडावर आपटला. जन्मात पहिल्यांदा मोकळ्या झालेल्या त्या कुत्र्याने त्याची पोटरी धरली. दात आत गेले. मांस फाटताना दिसत होते. मग मात्र बाई ओरडल्या, "सोड! सोड त्याला!"

आणि त्याने सोडले. त्याला तो शब्द कोणी शिकवलेला नव्हता. तोंडातले रक्त चाटत तो बाईंकडे बघत उभा राहिला. बाई म्हणाल्या, "काय ठोंब्या आहेस रे." तेच त्याचे नाव पडले.

राखणदाराने परत तोंड दाखवले नाही. बाई हाताला प्लास्टर घालून ठोंब्याला घरी घेऊन आल्या. मला त्या टाकूनच देणार होत्या, पण पहिल्या आठवड्यात ठोंब्याने दोन दोऱ्या आणि एक पट्टा चावून तोडला, म्हणून मी राहिले. बाईंनी माझ्या टोकाला चामड्याची मूठ शिवून घेतली. पुढचे सहा महिने त्या त्याच्या तोंडात पोत्याचा तुकडा देत आणि म्हणत, "सोड." तो सोडी. जगात त्याला कळणारा शब्द तेवढाच. तो ऐकला की तोंडात काही का असेना, जबडा उघडायचा.

मग बाईंना परदेशातल्या एका शाळेत नोकरी मिळाली. किती वर्षे त्या अशा नोकरीची वाट बघत होत्या. कुत्र्याला कोणाकडे तरी ठेवून जा, असे सगळ्यांनी सांगून पाहिले. आई तर फणकाऱ्याने म्हणाली, "माणसं टाकून निघालीस आणि कुत्रं बरोबर नेतेस?" बाई म्हणाल्या, "माणसं फोनवर बोलतात, आई."

मी बॅगेत होते आणि ठोंब्या विमानाच्या पोटात, लाकडी पिंजऱ्यात. अकरा तासांनी पिंजरा बाहेर आला तेव्हा त्याच्या गजांना रक्त लागलेले होते. ठोंब्याचा एक सुळा तुटला होता आणि दोन नखे मुळापासून उपटली होती. तिथल्या अधिकाऱ्याने कागद तपासले आणि कायदा सांगितला. एवढे मोठे कुत्रे कायम साखळीला हवे. आपणहून सुटून ते माणसाला चावले, तर त्याला इंजेक्शन देऊन मारतात. माणसाने मुद्दाम सोडले असेल, तर शिक्षा माणसाला, आणि बाहेरून आलेला माणूस असेल तर त्याने देश सोडायचा. बाईंनी सही केली. मला तेव्हा वाटले, म्हणजे याचा जीव आता माझ्या बेचाळीस कड्यांवर.

बाईंचा धाकटा भाऊ त्या गावात आठ वर्षे सामानाची गाडी चालवत होता. बाई त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहू लागल्या. तिथे भाऊ, त्याची बायको आणि दीड वर्षाची मुलगी होती. ठोंब्याला बघून तो म्हणाला, "ताई, तू कुत्रा आणणार होतीस ना? ही म्हैस कोणाची?" थट्टा करी, पण जिन्यात ठोंब्या दिसला की भिंतीला चिकटून उभा राही. शाळेतल्या मुलांना मात्र भीती नव्हती. शाळा सुटली की ती आमच्या घराच्या फाटकापाशी जमत आणि त्यांना जमेल तसे "सोर, सोर" म्हणत. ठोंब्या त्यांच्याकडे दयेने बघे.

समोर एक गॅरेज होते. गॅरेजवाल्याची दोन कुत्री गल्लीत मोकाट असत. असली जनावरे आणि ती घेऊन येणारी माणसे आपल्या गल्लीत नकोत, असे तो बाईंच्या तोंडावर म्हणे. आधी तो नट-बोल्ट फेकून मारी. एकदा त्याने पाना फेकला, तो ठोंब्याच्या बरगडीवर बसला. ठोंब्याने झेप घेतली, पण बाईंनी माझी मूठ दोन्ही हातांनी धरली होती. त्या तक्रार करून आल्या. त्या तक्रारीचे पुढे काही झाले नाही.

रविवारची सकाळ होती. बाई ठोंब्याला घेऊन खाली आल्या, तेव्हा भाऊ गाडी पुसत होता. चष्मा वर राहिल्याचे बाईंच्या लक्षात आले.

"दोन मिनिटं धर याला."

"ताई, मी?"

"दोनच मिनिटं."

भावाची पाचावर धारण बसली. त्याने मला पंजाभोवती तीन वेढे घालून आवळले. असे कधी करू नये. तेवढ्यात गॅरेजची कुत्री धावून आली.

पहिल्याने ठोंब्याचा कान धरून फाडला. दुसऱ्याने मागच्या पायात दात रुतवले. ठोंब्याने गुरकावले नाही, भुंकला नाही. पहिल्याची मान जबड्यात धरून त्याने त्याला शटरवर आपटले, पुन्हा आपटले. पत्र्यावर रक्त उडाले. भाऊ माझ्याबरोबर फरफटत होता आणि माझे वेढे त्याच्या बोटांची साले काढत होते. गॅरेजवाला लोखंडी नळी घेऊन धावत आला. पहिला घाव ठोंब्याच्या डोळ्यावर बसला आणि डोळा फुटला. दुसरा भावाच्या खांद्यावर बसला. ठोंब्याने मान सोडली नाही. तोंडातले कुत्रे आता तडफडेनासे झाले होते.

बाई दारात आल्या. समोरचे बघून त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "सोड!"

मित्रांनो, आता नीट ऐका. बाई ठोंब्याला म्हणाल्या होत्या. पण भावाला वाटले, ताई मला सांगते आहे. भावाऐवजी तिथे कोणी वडीलधारे असते तर त्या "सोडा" म्हणाल्या असत्या आणि घोटाळाच झाला नसता. धाकट्या भावाला आणि कुत्र्याला आपल्या भाषेत एकच शब्द पुरतो. दोघांनीही ऐकले. ठोंब्याने जबडा उघडला आणि त्याच क्षणी भावाने वेढे झटकून मला सोडले.

मी दगडांवरून खडखडत ओढली गेले. नळी तिसऱ्यांदा वर गेली होती. ठोंब्याने गॅरेजवाल्याचा तो हात कोपराखाली धरला आणि त्याला उताणे पाडले. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा होता. बाई पुन्हा ओरडल्या, "सोड!" ठोंब्याने लगेच सोडले, आणि फुटक्या डोळ्यातून रक्त गाळत तो बाईंच्या पायाशी येऊन बसला. पण आता उशीर झाला होता.

चार दिवसांनी चौकशी झाली. एका लांब टेबलावर मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते. अधिकाऱ्याने आधी भावाला विचारले, कुत्रा सुटला कसा?

भाऊ हाताच्या बँडेजकडे बघत म्हणाला, "साखळी तुटली."

मला अंगावर हातोडा पडल्यासारखे झाले. साखळी तुटली म्हणजे कुत्रा आपणहून सुटला. म्हणजे इंजेक्शन. अधिकाऱ्याने मला पिशवीतून काढले आणि एकेक कडी बोटांतून सरकवत मोजली. बेचाळीस. एकही तुटलेली नाही, एकही उघडलेली नाही. त्याने मला खाली ठेवले आणि भावाकडे बघितले. भावाने दाराकडे बघितले. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती.

मग अधिकाऱ्याने बाईंना विचारले, तुम्ही ओरडलात ते काय? कोणाला?

कुत्र्याला, म्हटले असते तर ते खरे होते. पण मग साखळी सोडली भावाने, कोणी सांगितले नसताना. आठ वर्षांचा संसार उचलून त्याला जावे लागले असते. बाई जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मोडून बसलेले मनगट त्या दुसऱ्या हाताने चोळत होत्या.

"भावाला," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं सोड म्हणून. त्यानं माझं ऐकलं, एवढंच."

"ताई," भाऊ म्हणाला.

"तू गप्प बस."

मित्रांनो, खोटे बोलू नये, हे मला माहीत आहे. बाईही वर्गात तेच सांगत. एवढ्या वर्षांची वाट बघून मिळालेली नोकरी त्याच आठवड्यात गेली. पंधरा दिवसांत देश सोडायचा आणि कुत्रा घेऊन जायचा, असा हुकूम झाला.

जायच्या दिवशी विमानतळावर ठोंब्याला भावाने आणले. या वेळी त्याने मला वेढे घातले नव्हते, नुसती मूठ धरली होती. ठोंब्या त्याच्या गुडघ्याला टेकून उभा होता आणि भाऊ बाजूला सरकत नव्हता. पिंजरा उघडा होता. शिपाई घाई करत होता.

"ताई, मी खरं सांगून येतो त्यांना."

"काही सांगायचं नाही. पोरीला सांभाळ." बाईंनी हात पुढे केला. "सोड आता."

ठोंब्याच्या तोंडात काहीच नव्हते. तरी त्याने जबडा उघडला. भावाने मात्र मूठ आणखी घट्ट केली. शेवटी बाईंनी त्याचे एकेक बोट उचलून मला सोडवून घेतले.

ठोंब्या त्यानंतर चार वर्षे एका डोळ्याने जगला. आता तो नाही. दर रविवारी सकाळी भावाचा फोन येतो. सगळ्यांची चौकशी झाली की तो विचारतो, "साखळी आहे ना गं?" बाई म्हणतात, "आहे."

मित्रांनो, मला तेल नाही लावले तरी चालेल. माझी विनंती निराळी आहे. कोणाच्या गळ्यात आकडा अडकवलात, तर दुसरे टोक आपल्या हातात आहे, हे विसरू नका. रागाने ते उगारू नका, घाबरून ते सोडू नका. आणि सोडलेच, तर कोणी विचारल्यावर साखळीवर ढकलू नका. माझी एकही कडी तुटली नव्हती.