नोटीस घेऊन मेंढरांच्या वाटेनं

पार्वतीबाईच्या घरामागं एक पत्र्याची खोली होती, आणि त्या खोलीत वर्षातले आठ महिने कुणीच राहत नसे. राहत असे तो फक्त लोकरीचा वास. उमाजी आणि मनकर्णाबाई हे धनगर जोडपं पावसाळा तिथं काढी आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन रानोमाळ निघे. चौदा वर्षं हेच. भाडं कधी चुकलं नाही. जाताना मनकर्णाबाई किल्ली पार्वतीबाईच्या हातात ठेवून म्हणे, "माय, झाडलोट तेवढी बगा."

म्हणून दर सोमवारी पार्वतीबाई खोली उघडे, झाडे, आणि झाडून झालं की घटकाभर लोकरीच्या गाठोड्याला टेके. पत्र्याला चार भोकं होती. त्यांतून उन्हाचे चार दोरे खाली उतरत, दोऱ्यांत धूळ तरंगे, आणि तिला वाटे, ही धूळ नव्हेच. कळप आहे, बारीक, पांढरा, पायांचा आवाज न करता आभाळात चढत चाललेला. तिचा डोळा लागे. जिंतूरच्या बाजारामागच्या त्या गल्लीत तिला झोपेत पूर्णा नदीचं पाणी ऐकू येई.

या दिवाळीला तिची लेक शिवकन्या सासरहून आली ती परत गेलीच नाही. आली तेव्हा तिच्या एकाच हातात बांगड्या होत्या. दुसऱ्या हाताचं पार्वतीबाईनं काही विचारलं नाही. शिवकन्येनं एक शिलाई मशीन आणली आणि चुलीजवळ मांडली. ब्लाऊजच्या कापडांना फोडणीचा वास लागू लागला. गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच माघारी फिरे.

"मागच्या खोलीला गल्लीत दार हाय," शिवकन्या एक दिवस म्हणाली. "ती मिळाली तर मी हितं राहते. न्हाई तर उन्हाळ्यात जाते नांदायला. चुलीपाशी बसून किती दिवस निघतेत?"

नांदायला जाण्याचं नाव ऐकताच पार्वतीबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. ती तशीच उठून कोर्टासमोरच्या भागवत वकिलांकडं गेली.

"किल्ली माझ्यापाशीच हाय, वकीलसाहेब. सामान उचलते अन् वसरीवर ठेवते. झालं."

"मावशी, किल्ली तुमच्या कमरेला असली तरी ताबा त्यांचा आहे," वकील म्हणाले. "सामान हलवलंत तर तेच तुमच्यावर दावा लावतील, आणि जिंकतील. कुलूप बदलायचं नाही, लाईट तोडायची नाही, पाणी बंद करायचं नाही. आधी नोटीस, मग दावा. तुमची गरज खरी आहे हे तुम्ही सांगायचं, त्यांची अडचण ते सांगतील. कोर्ट दोन्ही ऐकेल. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणाला बाहेर काढता येत नाही."

"खोली माझी, अन् मलाच येवढा वळसा?"

"वळसा आहे खरा. पण या वाटेनं गेलात तर कुणी मागं ओढणार नाही."

नोटीस रजिस्टर टपालानं गेली. चौथ्या दिवशी पोस्टमन सटवाजी अंगणात उभा. "काकू, मागच्यांची रजिस्टरी आली बगा."

उमाजीचं टपाल चौदा वर्षं तीच घेत आली होती. तिनं सही केली, पाकीट मागच्या खोलीत कोनाड्यात नेऊन ठेवलं, आणि ठेवता ठेवता पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचंच नाव वाचलं.

भागवत वकिलांना हसू आवरेना. "मावशी, तुम्ही स्वतःलाच नोटीस बजावलीत की. आता ते असतील तिथं जा. हातात द्या आणि पोच घ्या."

त्यांचा कळप या दिवसांत येलदरीकडं असे; ती तिकडच्या एसटीत बसली. खिडकीतून कापूस वेचून झालेली रानं मागं सरत होती. फाट्यावर उतरून ती विचारत विचारत चालली. ज्वारी काढलेल्या एका काळ्या रानात, खतासाठी, उमाजीचा कळप बसवलेला होता. दुपारच्या उन्हात मेंढरं हलत नव्हती. जणू कुणी ढग उतरवून धसकटांवर वाळत घातले होते. त्यांच्या मधे बसून मनकर्णाबाई लोकर पिंजत होती, आणि गळ्यातल्या गळ्यात म्हणत होती,

माझ्या ग मेंढरांनी । रान चांदण्याचं केलं
घर पाठीवर नेलं । लोकरीच्या

"आगं बया, माय तुमी?" तिनं पदर सावरला. "कामून आलाव येवढ्या उन्हाचं?"

"कागद हाय. तुमच्या नावचा."

उमाजी काठी टेकत जवळ आला. "वाचा मग. आमाला कुटं येतंय?"

पार्वतीबाईला हे सुचलंच नव्हतं. स्वतःची नोटीस तिला स्वतःच्याच तोंडानं वाचावी लागली. 'सदर खोली' म्हणताना तिनं कागद डोळ्यांजवळ धरला. 'रिकामी करून द्यावी' म्हणताना तिनं मान वर केली नाही. एक कोकरू येऊन तिच्या मांडीशी बसलं. ती पुढं वाचत गेली: 'माझ्या मुलीस चरितार्थासाठी...'

"थांबा," मनकर्णाबाई म्हणाली. "शिवकन्येला काय झालं?"

पार्वतीबाईनं सांगितलं. बांगड्यांचंही सांगितलं, जे तिनं वकिलाला सांगितलं नव्हतं.

उमाजी काठी आडवी ठेवून खाली बसला. मग तो म्हणाला, "पावसाळ्यात आमी जावं कुटं? कळप माळावर ऱ्हाईल, पर हिचे गुडघे?"

"माझे गुडघे मधी आणू नका," मनकर्णाबाई त्याच्यावर डाफरली. "माय, ताबा कुणाचा म्हन्ला वकील?"

"तुमचा."

"मग आमचाच असंल तर आमी कुणालाबी बसवू. लेकीला उद्याच मशीन मांडू द्या. आमी मिरगाला, पाऊस लागला की, येतो. त्याच्यावर दसऱ्यापर्यंत दुसरी खोली हुडकतो. न्हाई गावली तर लावा दावा. कोर्टात बी मी तुमच्याच बाजूला बसंन, तिथं मला दुसरं वळखीचं कोण हाय?"

"अन् मिरग ते दसरा शिवकन्येनं?"

"मशीनला किती जागा लागती? मी काय हत्ती हाय?"

उमाजीनं पोचेवर अंगठा उठवला. त्यांनी तिला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. जेवून ती मेंढरांच्या मधेच जरा कलंडली. या वेळी कळप कुठंच चढत नव्हता. तो तिच्याभोवती जागच्या जागी श्वास घेत होता.

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, उमाजी जिंतूरला आला. भागवत वकिलांनी कागद तयार केला: भाडेकरू मालकिणीच्या मुलीस खोली वापरण्याची संमती देत आहे. त्यांनी तो दोनदा वाचला. "असला कागद मी जन्मात लिहिला नव्हता," ते म्हणाले.

घरी शिवकन्या कापड बेतत बसली होती. "मग खोली मिळाली का न्हाई?"

"मिरगापर्यंत मिळाली. मग दसऱ्यापर्यंत अर्धी. पुढचं पुढं."

शिवकन्येनं कात्री खाली ठेवली. काही हिशेब लावत असावी तशी ती मशीनकडं पाहत राहिली.

"उन्हाळा तर हितंच निघतो मग," ती म्हणाली, आणि उठून मशीनच्या एका अंगाला वाकली. "माय, तिकडून धर."