काळुरामचा अंगठा

शीळफाट्याजवळची जमीन काळुरामने विकली नव्हती. मरेपर्यंत तो हेच सांगत राहिला. पण जमिनीचा दलाल दौलतशेठ याच्याकडे अंगठा उठवलेलं कुलमुखत्यारपत्र होतं, आणि गावाने निकाल लावून टाकला होता: म्हाताऱ्याने दारूच्या नशेत अंगठा दिला. काळुराम चहापलीकडे काही पीत नसे, पण एवढी चौकशी गावाने कशाला करावी!

त्याची लेक कल्पिता नुसती सांगत बसणाऱ्यातली नव्हती. शेठ कुणालाच दाखवत नसलेला तो मूळ कागद मिळाला तर अंगठा खोटा ठरवता येईल, असं वकील म्हणाले. तशी ती 'करिश्मा' या नावाने शेठच्या डोंबिवलीतल्या बंगल्यात स्वयंपाकाला लागली. भाऊ दिपेश तेवढा नाराज होता. "सोड ना गं. पकडली गेलीस म्हणजे?" भावाची माया, दुसरं काय, असं तिला वाटायचं.

तिच्या हातचं बोंबलाचं कालवण शेठला असं काही आवडलं की तो पाहुण्यांना सांगे, "या घरात विश्वासाचं माणूस एकच, आमची करिश्मा!" ती हसून वाढायची आणि तो जेवून लवंडला की खणामागून खण उचकायची. ऑफिसच्या खोलीतलं लोखंडी कपाट मात्र कायम बंद.

एका दुपारी त्याच कपाटाशी तिची खटपट चालू असताना शेठाणी सखुबाई मागे येऊन उभी राहिली.

"काळुरामची ना तू?"

"नाही, मी करिश्मा..."

"करिश्मा म्हणे! नाक बापसाचं आणलंस नि नाव सिनेमातलं. माझं माहेर तुमच्याच गावचं हाय. पहिल्या दिवशीच ओळखलं तुला."

कल्पिताने कपाटावरचा हात काढला. "मग बोलला का नाहीत?"

"तीन हप्ते झाले, या कपाटाची चावी मिक्सरच्या बाजूला ठेवते. तू रोज उचलतेस, ओटा पुसतेस नि परत तिथंच ठेवतेस! माझ्या भावाची जमीन पण यानं अशीच खाल्ली. मी बायको पडले, मला बोलता येत नाय. तुला कोणी अडवलंय?"

त्या चावीने कपाट उघडून, कागद पिशवीत घालून कल्पिता बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर तिने तो उघडला. खाली कुणाचा तरी अंगठा होता, आणि अंगठा काळुरामचाच असल्याची साक्ष देणारी सही: दिपेश काळुराम.

घरी दिपेशने नाकारलं नाही. "आपण राहतो तो फ्लॅट काय खरंच माझ्या कंपनीने दिला? शेठने दिलाय. तुमच्यासाठीच केलं ना! आता बाबा पण नाहीत, कशाला उकरतेस?"

ती रात्रभर जागी होती. सकाळी पोलीस ठाण्यात तिने तक्रार दिली, ती दोघांच्या नावाने.

दोघांना एकाच दिवशी आत घेतलं. दुपारी कल्पिता भावासाठी डबा घेऊन गेली, तर बाकावर सखुबाई आधीच बसलेली, मांडीवर नवऱ्याचा डबा.

"तू पण?" सखुबाई म्हणाली.

"भाऊ आहे."

सखुबाईने सरकून तिला जागा करून दिली.