साथीला अ‍ॅप

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली तेव्हा तिच्या चिमटीत एका अनोळखी माणसाची खालची दाढ होती.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून इथं दात घडतात आणि घडले की परत जातात. ताईकडे शेवटचं घासकाम. दाढ बारीक फिरत्या चाकाला लावायची आणि चावताना कुठं टोचणार नाही इतकी गुळगुळीत करायची. असलं काम करणाऱ्या बाईला राग परवडत नाही. हात हलला की दाढ गेली.

शेजारच्या टेबलावर दातांना रंग देणारी तिची मैत्रीण बसायची. ती मोबाईल नाचवत आली. "अगं, तुझा सोन्या पहिल्या पाचात! निकाल लागला. पेढे नाहीत तर निदान चहा तरी पाज!"

सोन्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी आईने ठेवलेलं लाडाचं नाव काही सुटलेलं नव्हतं. बासरी वाजवायचा, आणि खोटं कशाला बोला, गोड वाजवायचा. शास्त्रीय वाद्यवादनाची ही स्पर्धा ऑनलाइन होती. न थांबता, न कापता केलेलं एक रेकॉर्डिंग पाठवायचं, परीक्षक त्यातून पाच जण निवडणार आणि त्या पाचांची अंतिम फेरी थेट व्हिडिओवर. पहिल्या येणाऱ्याला मोठ्या सभागृहात स्वतःची मैफल. रेकॉर्डिंगला तबल्याची साथ ताईची. सोन्याने बासरी तोंडाला लावली तेव्हापासून त्याच्यामागे ठेका तिचाच. तो जिंकला तर त्या सभागृहात त्याच्या शेजारी आपण बसणार, हे तिने मनाशी धरलेलं होतं. इतक्या वर्षांत स्वतःसाठी तिने एवढं एकच काहीतरी मागितलं होतं, आणि तेही मनातल्या मनात.

मैत्रिणीने व्हिडिओ लावला. मागे स्वच्छ भिंत, इस्त्रीच्या शर्टात सोन्या, डोळे मिटलेले. तबला घुमत होता, पण तबला वाजवणारी कुठेच नव्हती. तिचा हात नाही, कोपर नाही, सावलीसुद्धा नाही. खाली लिहिलं होतं: साथ, तबला अ‍ॅप.

ताईने ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

त्याखाली एका परीक्षक बाईंनी लिहिलं होतं, "बासरी सुरेल. साथीचं अ‍ॅप कोणतं ते कृपया कळवावं. इतका समजूतदार ठेका यंत्राकडून मी अजून ऐकलेला नाही." झालं, त्याखाली लोकांची रांगच. आम्हालाही सांगा. लिंक टाका. आणि त्या सगळ्यांना मिळून सोन्याचं एकच उत्तर, शेवटी हसरा चेहरा: "फुकट नाही मिळत, पैसे भरावे लागतात!"

दाढ चिमटीतून निसटली आणि टेबलाखाली गेली.

"पैसे?" ताई म्हणाली. "मेल्याने मला कधी रिक्षाचे पैसे तरी दिलेत का?"

संध्याकाळी ती घरात शिरली ती खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता. सोन्या सोफ्यावर पाय पसरून मोबाईलवर अभिनंदनं गोळा करत होता.

"मी अ‍ॅप आहे?"

"ताई, तू आधी बस. पाणी घे."

"हो की नाही तेवढं सांग."

"अगं, नियमच तसा होता. साथीला माणूस असेल तर तोही चेहऱ्या-हातांसकट दिसला पाहिजे. आपल्या घरात रिकामी भिंत एवढी एकच. तुला घेतलं की मागे फ्रिज यायचा. इतकं भिकार दिसत होतं ना! म्हणून मग मी तुला कॅमेऱ्याबाहेर ठेवलं आणि अ‍ॅप लिहिलं."

"म्हणजे फ्रिज नको म्हणून मला काढलंस."

"मग काय फ्रिज हलवायचा होता?" सोन्या बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

आई आतून हात पुसत आली. तिला भांडणाचा वास स्वयंपाकघरात बसून यायचा, आणि ते मिटवायची तिची एक ठरलेली रीत होती: थोरलीला गप्प करायचं. "अगं, एवढं काय आकाशपाताळ एक करतेस? कौतुक तुझंच झालंय ना? सगळे तुझाच ठेका मागतायत."

"कौतुक अ‍ॅपचं झालंय, आई."

"तेच ते. घरातल्या घरात काय माझं-तुझं! बहिणीने भावाचं करायचं नाही तर कोणी करायचं?"

हे वाक्य ऐकत ताई लहानाची मोठी झाली होती. तबला आधी तिचा होता. गुरुजी घरी यायचे ते तिला शिकवायला. मग सोन्या फुंकायला लागला, त्याला साथ हवी झाली, आणि बघता बघता तिच्या शिकवणीचा वेळ त्याच्या रियाजात गेला. कोणी काही हिसकावून घेतलं नाही. थोडं सरक, अजून थोडं सरक, असं करत करत तिला फ्रिजपाशी नेऊन बसवलं, आणि आता तिथूनही उठवलं. या विचाराने तिला रडू आलं नाही. सोन्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

"आत्ता परीक्षकांना कळव," ती म्हणाली. "साथ माझ्या बहिणीची आहे म्हणून."

"वेडी आहेस का? खोटी माहिती दिली म्हणून बाद करतील! हे बघ, रविवारी फायनल आहे. तू लॅपटॉपच्या मागे बस, नेहमीसारखं वाजव. वाजवून झालं की मी स्वतः सगळ्यांसमोर तुझं नाव सांगतो. एकदा वाजवणं आवडलं की कोण कशाला बाद करतंय? आईशपथ सांगतो."

आपलं नाव घेऊन शपथ घेतली गेल्यामुळे आईला विषय मिटल्यासारखा वाटला आणि ती गॅसकडे वळली.

ताई कशी तयार झाली, असं कोणी विचारेल. तिची मैत्रीण तर दुसऱ्या दिवशी स्पष्टच म्हणाली, "तू गाढव आहेस." ताईला ते मान्य होतं. पण सोन्याने शपथ घेतली होती, आणि फायनलमध्ये वाजवायला तिचे हात शिवशिवत होते, ही दोन्ही कारणं खरी होती.

रविवारी सकाळी रिकाम्या भिंतीसमोर सोन्या बसला. समोर स्टुलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या मागे, फ्रिजला पाठ लावून, ताई. सोन्याच्या गुडघ्याजवळ त्याने मोबाईल ठेवला होता. त्यात तबल्याचं खरंखुरं अ‍ॅप उघडलेलं, आवाज बंद. कोणी विचारलंच तर दाखवायला. आई दारात खुर्ची टाकून बसली.

पडद्यावर तीन परीक्षक आले. अ‍ॅपची चौकशी करणाऱ्या बाई मधोमध होत्या. केस पांढरे, आखूड कापलेले, बोटांची पेरं जाडजूड. स्वतः तबला वाजवणाऱ्या आहेत हे त्यांची बोटं पाहूनच कळत होतं.

सोन्याने चांगलं वाजवलं. संथ भागात तर इतकं सुरेल, की ताईचा राग क्षणभर बाजूला झाला आणि ती नुसती ऐकत, ठेका धरत राहिली. मग लय वाढली, आणि शेवटाला आली तिहाई. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्यांदा बरोबर समेवर येऊन टेकायचं. सम ही सगळ्यांनी भेटायची जागा. सोन्याची लहानपणापासूनची खोड अशी, की टाळ्या जवळ आल्या की त्याला घाई सुटायची. तिसऱ्या तुकड्यात दोन मात्रा खाऊन तो समेच्या आधीच येऊन उभा राहायचा. मग ताई आपल्याही दोन मात्रा गिळायची आणि तो उभा असेल तिथं त्याला सम द्यायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, वा, काय मिळाले दोघं! आजही त्याने दोन मात्रा खाल्ल्या. ताईनेही खाल्ल्या. दोघं मिळाले.

"छान," मधल्या बाई म्हणाल्या. "एक विचारू? शेवटच्या तिहाईत तुम्ही दोन मात्रा आधी आलात. आणि तुमचं अ‍ॅपही आलं. रेकॉर्डिंगमध्येही असंच झालं होतं, म्हणून तर मी नाव विचारलं. यंत्र माणसाची चूक पदरात घेत नाही हो. हे कसं काय?"

यापेक्षा सोपी संधी कोणी ताटात वाढून दिली नसती. दोन शब्द बोलायचे होते: माझी बहीण.

सोन्याने लॅपटॉपच्या वरून तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, आणि हसला.

"अ‍ॅपमध्ये बिघाड आहे, मॅडम. मध्येच मात्रा खातं. अपडेट केलं की जाईल."

वीस वर्षं तिने त्याची चूक झाकली होती, आणि त्याने ती चूकसुद्धा तिच्याच पदरात टाकली होती!

"असं होय," बाई म्हणाल्या. "मग एक करा. अ‍ॅपचा मोबाईल कॅमेऱ्यात दिसेल असा ठेवा, आवाज चालू करा, आणि तेवढी तिहाई पुन्हा वाजवा. बघू काय बिघडलंय."

सोन्याचे हात मोबाईलकडे जाईनात. शेवटी कशीबशी त्याने लय लावली आणि आवाज सोडला. कोरडा, एकसारखा ठेका खोलीभर टकटकायला लागला. सोन्याने बासरी उचलली आणि ताईकडे पाहिलं. ती नजर ताईला पाठ होती. शाळेच्या स्टेजवर, लग्नाच्या हॉलमध्ये, प्रत्येक तिहाईच्या आधी तो असाच बघायचा. ताई, आहेस ना? आणि ती असायची.

ताईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पहिला तुकडा. दुसरा. तिसऱ्याला घाई सुटली, दोन मात्रा गेल्या, आणि सोन्या येऊन उभा राहिला तिथं कोणीच नव्हतं. अ‍ॅप आपल्या रस्त्याने पुढे चाललं होतं. सोन्याने पुन्हा सूर धरला, पुन्हा चुकला. घामाने त्याची बोटं भोकांवरून घसरायला लागली.

"अगं, बघतेस काय?" दारातून आई ओरडली. "धर ना त्याला!"

"मी कशी धरू?" ताई म्हणाली, आणि आवाज खाली ठेवायची तिला गरज वाटली नाही. "मी आहे कुठं इथं?"

बाईंनी मान वर केली. "कोण बोललं? आणखी कोण आहे तिथं?"

सोन्याने ओठ पुसले. अजूनही वेळ गेली नव्हती. आता त्याने नुसतं ताई म्हटलं असतं, तरी तिने उठून तबला ओढला असता, त्याला सांभाळून घेतलं असतं, सगळं पोटात घातलं असतं. ती तशीच होती. हे तिला माहीत होतं, म्हणूनच तिचा संताप दुप्पट होता.

"कोणी नाही, मॅडम," सोन्या म्हणाला. "घरचंच कोणीतरी."

ताई उठली. तिने दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलला आणि स्टुलावरच अर्धा गोल फिरवला. भिंत गेली, सोन्या गेला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकोनात गंजलेल्या दांडीचा फ्रिज आला, त्यावरचं औषधाचं खोकं आलं, जमिनीवरचा तबला आला, आणि केस विस्कटलेली, डोळे लाल झालेली ती स्वतः आली. मागे सोन्या "ताई, ताई" करत होता. आता त्याला नाव आठवत होतं. अ‍ॅप अजून वाजतच होतं.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"मी तो बिघाड," ताई म्हणाली. "आणि अपडेट केलं तरी मी जाणार नाहीये."

तिने खाली बसून तबला पुढ्यात ओढला.