फोटोसाठी उघडे पाडलेले मूळ

मी एक जुने मूळ आहे, मित्रांनो. एकोडीच्या तलावाच्या पाळीवर एक मोठा कहू उभा आहे. पुस्तकात त्याला अर्जुनवृक्ष म्हणतात. त्याचे सगळ्यांत जाड मूळ मीच. आणि आधीच सांगून ठेवते, आज माझे डोके ठिकाणावर नाही. मुळाला डोके कुठून आले, असे विचारू नका. माझ्या अंगाला अजून जळक्या ऑइलचा वास येतो आहे. शी! आठवले तरी सालीवर काटा येतो.

पाळ बांधली तेव्हाच गावाने हा कहू लावला. पाळीच्या एका बाजूला तलावाचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे. मधली माती धरून ठेवायची, एवढेच माझे काम. ते मी अंधारात, चिखलात, कुणाला न दिसता करत आले. त्यातच मला सुख होते.

माझे एक कोपर तेवढे पाळीबाहेर आले होते. त्यावर पाय ठेवून बाया पाण्यात उतरत. गिरजाबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा तिचाही पाय पहिल्यांदा तिथेच पडला. पुढे तिच्या सासऱ्याने माझा एक बारका फाटा कापला आणि नातवासाठी, म्हणजे घनश्यामसाठी, तान्ह्या पोळ्याला पोरे ओढत नेतात तो लाकडी नंदी कोरला. कापण्याआधी म्हाताऱ्याने हात जोडले होते आणि कापल्यावर जखमेवर ओला चिखल थापला होता. घनश्याम तो नंदी ओढत गावभर हिंडला. मला दुखले होते खरे, पण राग आला नाही.

मग हातोहाती मोबाइल आले आणि माझ्या कोपराचे नशीब फिरले. जो येतो तो माझ्यावर बसतो, मान वाकडी करतो, दात काढतो. फोटो झाला की खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी तिथेच टाकतो आणि पिचकारी माझ्याच अंगावर मारतो. ज्याच्यावर बसलात त्याच्यावरच थुंकता? किळस कशी येत नाही रे तुम्हाला?

हेही मी सोसले. पण यंदा उन्हाळ्यात साकोलीहून चंद्रकुमार आला. त्याचा तिथे फोटो स्टुडिओ आहे. साकोलीत एक प्रदर्शन भरणार होते, ‘मुळे : निसर्गात, कलेत आणि रोजच्या जगण्यात’. नाव ऐकून मला बरेच वाटले. चंद्रकुमार पोटावर आडवा झाला, एक डोळा मिटला आणि तोंड वाकडे करून म्हणाला, “हे तं दिसूनच नाही राहिलं. पूरं मातीत दबलं हाये.”

घनश्याम शेजारीच उभा होता. आता तो चांगला बाप्या गडी झाला आहे, पण अक्कल नंदीच्याच वयाची.

“खोद ना भाऊ थोडंसं,” चंद्रकुमार म्हणाला. “फोटोखाली तुझं नाव टाकतो.”

झाले! घनश्यामने कुदळ आणली आणि पाळीचे पोट उकरायला घेतले. माझ्या दोन्ही बगलांतली माती त्याने उपसून टाकली. एवढ्यावरही चंद्रकुमारचे समाधान होईना. मूळ काळेकुळकुळीत चमकले पाहिजे म्हणून त्याने गाडीचे जळके ऑइल बाटलीतून माझ्यावर ओतले आणि फडक्याने चोळले. थू! माझ्या कुशीत राहणारे खेकडे बिऱ्हाड सोडून गेले. फोटो काढून झाला, कौतुक झाले, गाडी निघून गेली. खड्डा मात्र कुणी बुजवला नाही.

तेव्हा तलावात गुडघाभर पाणी होते. पावसाळ्यात तलाव भरला आणि पाणी त्या खड्ड्यापर्यंत चढले. माझ्या अंगाला लागून त्याने पाळीच्या पलीकडे वाट शोधली. मी होती नव्हती तेवढी ताकद लावली, पण धरायला मातीच नव्हती. पाळीखाली गिरजाबाईची बांधी होती आणि बांधीत तिचे परे, म्हणजे रोवायची धानाची कोवळी रोपे. ती गेली की यंदाचा रोवणा गेला आणि घराचा वर्षाचा तांदूळही गेला.

सकाळी गिरजाबाई परे पाहायला आली, तर बांधीत गढूळ पाणी. ती धापा टाकत पाळीवर चढली.

“घनश्या! कोणं खोदलं हे?”

“फोटोसाठी, माय. साकोलीत आपल्या गावचं नाव होऊन राहिलं.”

“इकडं परे बुडून राहिले अन् तू मले नाव सांगून राहिला? आग लागो त्या फोटोले! याच मुळाचा नंदी घेऊन हिंडला नं तू? उतर पाण्यात!”

घनश्याम छातीभर पाण्यात उतरला. तणसाचे पेंढे कोंबले, गिरजाबाई वरून हातांनी चिखल देत गेली तोही कोंबला. पाणी सगळे ओढून नेत होते. “माय, फळी पाहिजे!” तो ओरडला. पाळीवर फळी कुठून येणार?

नेमका तेव्हाच चंद्रकुमार येऊन उभा राहिला. माझ्या फोटोला बक्षीस मिळाले होते आणि त्याची मोठी फ्रेम तो घनश्यामला द्यायला आला होता. पण आधी त्याने कॅमेराच काढला. “वा काकू! हात तसाच ठेवा, हलू नका!”

गिरजाबाईने चिखलाच्या हातांनी फ्रेम ओढून घेतली आणि क्षणभर पाहिली.

“बाबू, यात मूळ कोठी हाये? मले तं आमच्या पाळीचा गड्डाच दिसते. मागं काय लावलं याले?”

“प्लायवूड, काकू. एकदम पक्कं.”

गिरजाबाईने फ्रेम घनश्यामकडे दिली. त्याने ती खड्ड्याच्या तोंडाशी दाबली आणि पाण्याच्याच जोराने ती घट्ट बसली.

“अहो काकू, बक्षिसाचा फोटो हाये तो!”

“आता कामाचा झाला. कॅमेरा ठेव अन् घमेलं उचल.”

त्याने उचलले. खोटे कशाला बोलू, नाक मुरडतच उचलले. दुपारपर्यंत तिघांनी मिळून माझ्या कोपरासकट खड्डा बुजवला. निम्मे परे सडले, निम्मे वाचले. गिरजाबाईने त्यातच विरळ रोवणा उरकला.

आता लोक मोबाइल घेऊन येतात आणि ते बक्षिसाचे मूळ कुठे आहे म्हणून विचारतात. “त्याच्यावरच उभे हाव तुमी,” गिरजाबाई सांगते. ते खाली पाहतात, नुसती माती दिसते, आणि हिरमुसून परत जातात. जाऊ द्या. माझा फोटो माझ्याच बगलेत गाडला आहे.

मित्रांनो, कुठे उघडे मूळ दिसले तर नुसते ‘किती सुंदर’ म्हणू नका. त्याच्या अंगावरची माती गेलेली असते. फोटो काढायचाच असेल तर काढा बापडे, पण नंतर दोन घमेली माती त्याच्यावर टाका. मग तिथे पाहण्यासारखे काही उरणार नाही, आणि तेच आम्हाला हवे आहे.