दहा यार्डांत चार इंच

मी दहा यार्डांची साखळी बोलतेय. दोन टोकांना दोन केशरी खांब आणि मधे माझ्या दोन-दोन इंचांच्या एकशे ऐंशी कड्या, एवढाच माझा संसार. अंगाने इतकी बारीक की एखादं दांडगं कुत्रंही मला तोडून पळेल. पण शनिवारी दुपारी टॉलिव्हर कॉलेजच्या मैदानावर मला ताणून धरलं की सहा हजार माणसं गप्प व्हायची.

आमच्या ओहायोतल्या फुटबॉलला पाय कमी आणि खांदे जास्त लागतात. चेंडू काखेत मारून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं. चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाहीतर तो समोरच्यांना द्यावा लागतो. दहा यार्ड झाले की नाही अशी शंका आली की पंच मला मैदानात बोलावतात. पहिली खेप जिथून सुरू झाली तिथे माझा मागचा खांब रोवतात, आणि चेंडू पुढच्या खांबापर्यंत पोचला असेल तर दहा यार्ड झाले.

मला एका गोष्टीचं नवल अजून वाटतं. पंधरा-सोळा गडी एकमेकांवर पडलेले असतात. पंच एकेकाला उचलत तळाशी पोचतात, चेंडू काढतात आणि 'इथेच कुठेतरी होता' अशा अंदाजाने जमिनीवर ठेवतात. मग मला बोलावून विचारतात की इंचभर कमी आहे की जास्त. ठेवताना अंदाज चालतो, मोजताना इंच लागतो. माणसांना यात काही विचित्र वाटत नाही, म्हणून मीही कधी बोलले नाही.

माझा जन्म गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. मैदानाची निगा राखणारा ग्रोव्हर स्टौफर त्या दिवशी दुकानात ठाण मांडून बसला होता. पोलादी टेपने त्याने मला तीनदा मोजलं, तेव्हा कुठे खांबांना जोडू दिलं. गवत कापणं, चुन्याच्या रेषा मारणं, शनिवारी माझा पुढचा खांब धरणं, ही सगळी कामं त्याचीच. मागचा खांब त्याचा मेहुणा क्लीटस धरायचा. हा क्लीटस शाळेची बस चालवायचा आणि तोंड बंद ठेवणं त्याला जमायचं नाही.

साखळीवाल्यांना एक दंडक असतो. कोणीही जिंको, त्यांनी टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही. ग्रोव्हरला हे कधी जड गेलं नाही. १९६१ साली त्याचा मुलगा लायल कॉलेजच्या संघात आला आणि जड जायला लागलं. पोरगा चेंडू घेऊन बापाच्या समोरून धावत जायचा आणि बाप खांब धरून देवळातल्यासारखा उभा राहायचा. फक्त त्याची खांबावरची पकड घट्ट व्हायची, ती मला कळायची.

१९६४ च्या ऑगस्टमध्ये ग्रोव्हर मैदान आखत होता. दरवर्षी तो दक्षिणेच्या गोलरेषेपासून मला एकापुढे एक दहा वेळा घालायचा आणि खुंट्या ठोकत जायचा. टेप ओली झाली की गंजते, साखळी बरी, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी त्याने मला नुकतं अंथरलं होतं, पहिली खुंटीही ठोकायची होती, आणि क्लीटस गवत कापायचं यंत्र चालवत होता. बोलता बोलता तो थेट माझ्यावरच आला. माझ्या दोन कड्यांचा चुरा झाला.

"भावोजी, मेली की हो बिचारी," क्लीटस म्हणाला.

"तुझी जीभ त्या यंत्राखाली यायला पाहिजे होती, शहाण्या," असं म्हणत ग्रोव्हरने तुटक्या कड्या काढून टाकल्या, दोन्ही टोकं पक्कडीने जोडली आणि काम पुढे सुरू केलं. दोन कड्यांनी काय होतंय, असं त्याला वाटलं. मला तर काहीच वाटलं नाही. आपण आखूड झालो हे आपलं आपल्याला कसं कळणार?

उत्तरेच्या टोकाला पोचल्यावर मात्र ग्रोव्हर घुटमळला. शेवटची रेषा आणि पलीकडचे गोलाचे खांब यांत दहा यार्ड असायला हवे होते. तिथे अकरांहून थोडी जास्त जागा निघाली.

"हिवाळ्यात जमीन गोठून वर येते, त्यात हे खांब सरकलेत," तो म्हणाला.

"यार्डभर?" क्लीटसने विचारलं.

"गेला हिवाळा कडक होता."

आमच्याकडे कुंपण कललं, पायरी उखडली, दार लागेनासं झालं की खापर हिवाळ्यावर फुटतं. यार्डाचंही फुटलं आणि विषय तिथेच मिटला.

मग मोसम सुरू झाला आणि आमचा संघ हरायलाच तयार होईना. बेचाळीस वर्षांत टॉलिव्हरने असा मोसम बघितला नव्हता. पहिला सामना जिंकला तेव्हा लोक खूश झाले, तिसरा जिंकला तेव्हा घाबरले. न्हाव्याने खेळाडूंचे केस कापायचं बंद केलं, न जाणो जोर केसांत असला तर. कोच बुलर यांनी तपकिरी कोट धुवायला टाकला नाही. लायल घरून निघताना त्याची आई दर शनिवारी तेच वाक्य बोलायची, "दूध संपलंय, येताना आण," मग घरात दूध उतू का जात असेना. ही माणसं जिंकायला लागली की इतकी भित्री का होतात, हे मला कळलेलं नाही.

चौथा सामना लॅथम कॉलेजशी होता. आमचे तेरा गुण, त्यांचे बारा, आणि दोन मिनिटं उरलेली. आमची चौथी खेप होती. चेंडू लॅथमकडे गेला असता तर सामनाही गेला असता. लायल डोकं खाली घालून त्या गर्दीत घुसला. पंचांनी ढिगाऱ्यातून चेंडू काढला, ठेवला आणि मला बोलावलं. क्लीटसने मागचा खांब रोवला, ग्रोव्हरने मला ताणलं. चेंडूचं नाक पुढच्या खांबाच्या एक इंच पुढे होतं. मैदानात असा आवाज झाला की माझ्या कड्या वाजल्या. टाळी न वाजवलेला एकटा ग्रोव्हर होता, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऑक्टोबर संपत आला होता तेव्हा ऑर्कटबाई आमच्या शेडमध्ये आल्या. शेतकीच्या मुलांना त्या जमिनीची मोजणी शिकवायच्या आणि सरावाला मैदानावर आणायच्या.

"ग्रोव्हर, तुमचं मैदान शंभर यार्डांचं नाही."

"बाई, तुमच्या पोरांना मोजता येत नाही," ग्रोव्हर यंत्राला तेल घालत म्हणाला.

"मलाही तेच वाटलं. तीनदा मोजायला लावलं. मग मी मोजलं. एक यार्ड चार इंच कमी आहे."

"थंडीनं आकसलं असेल."

"मग तीस वर्षं मी चुकीचं शिकवतेय म्हणायचं. रेषा कशाने आखता?"

ग्रोव्हरने माझ्याकडे बोट केलं.

"आणि ही साखळी बरोबर आहे हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दर शनिवारी सामन्याआधी पंच तिला रेषांवर घालून बघतात. केसाचाही फरक येत..."

वाक्य अर्धंच राहिलं. आपण काय बोललो ते त्याच्याच कानांनी ऐकलं होतं. रेषा माझ्यावरून आखल्या होत्या आणि मला रेषांवरून तपासत होते. मी बरोबर येणार नाही तर काय होणार?

त्याने बाईंची टेप घेतली आणि मला शेडच्या दारापासून अंगणात सरळ अंथरलं. तीनशे साठ इंच भरायला हवे होते, तीनशे छप्पन्न भरले. दहा वेळा चार म्हणजे चाळीस इंच, बाईंचे एक यार्ड चार इंच. ग्रोव्हर चुन्याच्या पोत्यावर बसला.

"बाई, लॅथमच्या सामन्यात एकच इंच होता."

"माहीत आहे. मी होते तिथे."

"आता काय करू?"

"मी मोजणी शिकवते, ग्रोव्हर. पुढचं तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून त्या गेल्या, पण टेप मुद्दामच मागे ठेवून गेल्या.

ग्रोव्हर कोच बुलरकडे गेला. मी त्याच्या खांद्यावरच होते, म्हणून सगळं ऐकलं.

"साखळी दोघांना सारखीच आखूड होती," कोच म्हणाले. "आणि सामना एकदा संपला की संपला. तू ती दुरुस्त कर आणि मोसम होईपर्यंत तोंड उघडू नकोस."

"लायलला तरी सांगू दे."

"त्याला तर मुळीच नाही. तो तुझा मुलगा नंतर, आधी माझा कप्तान आहे. त्याचं डोकं फिरलं तर संघ बसला म्हणून समज."

ग्रोव्हरने मला दोन नव्या, चकचकीत कड्या जोडल्या. सगळ्या रेषा पाण्याने धुऊन नव्याने मारल्या. उत्तरेचा भाग परत दहा यार्डांचा झाला. "जमीन परत बसली वाटतं, भावोजी," क्लीटस म्हणाला. त्यावर ग्रोव्हरने त्याच्याकडे असं बघितलं की क्लीटस सबंध दुपार गप्प राहिला. घरी मात्र लायल रोज जेवताना लॅथमच्या त्या एका इंचाची गोष्ट सांगायचा आणि ग्रोव्हर ताटात बघत राहायचा. हे आठवून तो शेडमध्ये एकटाच पुटपुटायचा.

शेवटचा सामना मार्बरी कॉलेजशी, आमच्याच मैदानावर. आठच्या आठ जिंकून झाले होते. थंडीने लोकांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. दोघांचे सात-सात गुण होते आणि मिनिटभर उरलं होतं. मार्बरीची गोलरेषा आमच्यापासून फार दूर नव्हती. चेंडू आमच्याकडे राहून अजून थोडा पुढे सरकला, तर तो गोलाच्या खांबांमधून मारून तीन गुण काढायला आमचा उंच किक मारणारा पोरगा तयार उभा होता. पण ही चौथी खेप होती. लायलने चेंडू काखेत घेतला आणि घुसला.

ढिगारा निघाला. पंचांनी चेंडू ठेवला. लायल तिथेच कोपरांवर पडून होता, उठायचंही त्याला सुचत नव्हतं. क्लीटसने मागचा खांब रोवला आणि ग्रोव्हरने मला ताणलं. खांबाचं टोक जमिनीला टेकलं तेव्हा चेंडूचं नाक दोन इंच अलीकडे होतं. माझ्या जुन्या लांबीने तेच नाक दोन इंच पलीकडे गेलं असतं.

पंच अजून वाकले नव्हते. त्या एका श्वासात ग्रोव्हरच्या हातात काय चाललं होतं ते मी सांगते, कारण मी त्या हातात होते. खांब कलला. माझ्या शेवटच्या कडीला ढील पडली. खांब आणखी थोडा मागे आला असता तर कोणाला काही कळलं नसतं. बेचाळीस वर्षं थांबलेलं गाव आणि पोटचा पोरगा, सगळे खूश झाले असते. मग कडी परत ताठ झाली.

"खांब सरळ आहे?" पंचांनी वाकत विचारलं.

"सरळ आहे," ग्रोव्हर म्हणाला.

पंचांनी दोन्ही तळहात दोन इंचांवर धरून दाखवले. चेंडू मार्बरीला गेला, वेळ संपली, सामना बरोबरीत सुटला. आठ जिंकले, एक बरोबरी, हरलो एकही नाही. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना बराच वेळ ठरवता आलं नाही. शेवटी बँडवाल्यांनी सुरुवात केली म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून लायल थेट शेडमध्ये आला. ग्रोव्हर मला पुसत होता.

"बाबा, या दोन कड्या नव्या आहेत ना? काल माझ्या नाकासमोरच होत्या."

ग्रोव्हरने सगळं सांगितलं. यंत्र, हिवाळा, ऑर्कटबाईंची टेप, कोच. काही राखून ठेवलं नाही. लायल दारात उभा राहून ऐकत होता.

"म्हणजे लॅथमचा तो इंच माझा नव्हता."

"नव्हता."

"आणि कालचा सामना जुन्या साखळीने माझा झाला असता."

"झाला असता," ग्रोव्हर म्हणाला. मग फडकं खाली ठेवून म्हणाला, "हात तिकडे गेला होता रे. खोटं कशाला बोलू?"

"मला दिसलं," लायल म्हणाला. "खांब कलला तेव्हा मी खालून बघत होतो. मनात म्हटलं, बाबा, राहू द्या तसाच. आणि तुम्ही सरळ केलात तेव्हा तुमचा असा राग आला की उठावंसंच वाटेना."

"आणि आता?"

"आताही आहे थोडा," लायल म्हणाला. पण तो आत आला, पोत्यावर बापाच्या शेजारी बसला आणि माझं दुसरं टोक पुसायला घेतलं.

त्याच आठवड्यात लायलने लॅथमच्या कप्तानाला पत्र लिहून सगळं कळवलं. त्याचं उत्तर ग्रोव्हरने शेडमध्ये मोठ्याने वाचलं. सामना आम्हीच हरलो, असं त्याने लिहिलं होतं, कारण त्या दिवशी आम्ही तीनदा चेंडू हातातून पाडला. पण तुझ्या बाबांना टेप घेऊन इकडे पाठव, आमच्या साखळीवाल्याला आठ दिवस झोप नाही. ग्रोव्हर आणि ऑर्कटबाई गेले. लॅथमचं मैदान दोन फूट लांब निघालं.

पुढे वीस वर्षं दर ऑगस्टमध्ये ग्रोव्हर मला आधी टेपने मोजायचा आणि मगच मैदानात न्यायचा. त्याला वाकता येईना तेव्हा तो खुर्चीत बसून आकडा विचारायचा आणि लायल टेप वाचून सांगायचा. ग्रोव्हर गेल्यावर लायल एकटाच मोजायला लागला. आकडा मात्र तो मोठ्यानेच म्हणायचा.

आता मैदानावर नवी साखळी आली आहे आणि मी कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे. शेजारी त्या संघाचा फोटो आहे आणि खाली पितळी पाटीवर लिहिलंय, 'अपराजित, १९६४'. पाटी खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. त्या दोन कड्या गंजून बाकीच्यांसारख्याच झाल्यात, त्यामुळे त्या कुठल्या ते कोणाला ओळखू येत नाही.

तुम्ही कधी इकडे आलात तर कपाट उघडायला सांगा. लोक काचेतून बघतात, मान डोलावतात आणि जातात. लायल आताशा येत नाही, त्यामुळे बरीच वर्षं कोणी टेप लावलेली नाही. तीनशे साठ इंच भरायला हवेत. मी बरोबर आहे असं मला वाटतं, पण ते मला आखूड असतानाही वाटत होतं. तेव्हा माझ्या सांगण्यावर जाऊ नका, येताना टेप घेऊन या.